अर्धा कीबोर्ड

कीबोर्ड उलटा धरून टेबलावर आपटलाय कधी? आपटून बघा. बिस्किटाचा चुरा पडतो, तंबाखू पडते, खोडरबराचे किडे पडतात, आणि कुणाच्या लग्नातली कुणास ठाऊक, एखादी पिवळी अक्षतही पडते. यातलं काय कधी आत गेलं, याचा पत्ता नसतो. किस्स्यांचंही तसंच. काम चालू असताना वाटत नाही की आत काही साठतंय. मग एक दिवस चार दोस्त जमतात, कुणीतरी आपल्याला उलटं धरून आपटतं, आणि हा सगळा कचरा बाहेर येतो.

माझा कीबोर्ड लहान होता, त्यामुळे कचरा जरा दाटीवाटीनं साठलाय. सांभाळून घ्या.

आधी जागा सांगतो. महाडला कचेरीसमोर एका जिन्याखाली आप्पांचा गाळा होता. बाहेर बोर्ड : 'मराठी-इंग्रजी टायपिंग, लग्नपत्रिका, झेरॉक्स'. यातलं झेरॉक्स मशीन अजून यायचं होतं. मी होतो तोवर ते यायचंच होतं. आप्पा म्हणजे पूर्वीचे टायपिंग क्लासवाले. तालुक्यातले निम्मे कारकून आपल्या हाताखालून गेले, हे ते त्या निम्म्या कारकुनांनाच पुन्हा पुन्हा सांगायचे. पुढे टाइपरायटर भंगारात गेले आणि आप्पांनी कम्प्युटर घेतला. फक्त तो चालू कसा करायचा ते त्यांना येत नव्हतं. त्यासाठी मी.

मी म्हणजे डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडलेला. का सोडला ते विचारू नका, बाकी सगळ्यांचं विचारून झालंय. पोरगा पास होत असेपर्यंत त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. त्यानं कॉलेज सोडलं की ज्यानं चौथीच्या पुस्तकाचे कागद विडीला वापरले तोही करिअरवर बोलायला लागतो.

बाबा मात्र फार बोलले नाहीत. आमची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला. म्हशी, चार गाई, नाचणी, खाली थोडं भात. बाबा एवढंच म्हणाले, "शिमग्यापातुर ऱ्हा महाडात. मी येऊन बघेन. काम दिसलं तर ऱ्हा. नाय दिसलं तर म्हशी हायत."

म्हशी हायत. मला त्या दोन शब्दांची जेवढी भीती वाटली तेवढी कधी प्रिन्सिपॉलची वाटली नाही.

*

कीबोर्ड आला तो गणपतीत. माझा चुलतभाऊ विलास मुंबईत कम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात कामाला होता. कुठलंसं ऑफिस बंद पडलं, त्याच्या भंगारात त्याला हा सापडला आणि त्यानं तो माझ्यासाठी चादरीत गुंडाळून आणला. उजव्या हाताचा आकड्यांचा खण नाही, बाणाची बटणं कोपऱ्यात कोंबलेली, आणि वजन वरवंट्याएवढं. प्रत्येक बटणाखाली वेगळी स्प्रिंग. दाबलं की बटण खट्‌कन उत्तर द्यायचं. आप्पांच्या कीबोर्डवर टाइप करणं म्हणजे चहात भिजलेल्या पावावर बोटं मारणं. अक्षर उमटलं का नाही ते बोटाला कळायचंच नाही. याच्यावर पहिल्यांदा बोटं ठेवली आणि वाटलं, अख्ख्या तालुक्यात कुणीतरी एक जण आपल्याला सरळ उत्तर देतोय.

वाडीतली सगळी मोठी माणसं आरतीला जमली होती. कीबोर्ड हातोहात फिरला. माझे थोरले काका एकदा ग्रामपंचायतीत निवडून आले होते, तेव्हापासून कुठल्याही वस्तूवर निकाल द्यायचा हक्क त्यांचाच. त्यांनी तो उलटासुलटा केला, कडेनं हात फिरवला आणि विलासला म्हणाले, "अर्धाच दिलाय रे तुला. बाकीचा कदी देनार हायत?"

विलास म्हणाला, "काका, एवढाच असतो. इसको कॉम्पॅक्ट बोलते."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "म्हंजे शिकनं अर्धं आन् मशीन पन अर्धी. जोडा बरा जमलाय."

सगळे हसले. गणपतीसमोर हसले. मी गणपतीकडे बघितलं. त्याचाही एक दात अर्धाच आहे. निदान तो तरी माझ्या बाजूचा असायला हवा होता.

*

लहान कीबोर्डचा फायदा काय, असं लोक विचारतात. मी सांगतो. आप्पांनी कम्प्युटर ठेवला होता टाइपरायटरच्या जुन्या टेबलावर. ते टेबल टाइपरायटरच्या मापाचं. मोठा कीबोर्ड ठेवला की ते संपलं, माऊसला जागाच नाही. म्हणून मी माऊस मांडीवर फिरवायचो. शाळेच्या एक बाई प्रश्नपत्रिका टाइप करून घ्यायला यायच्या. दोनदा आल्या, तिसऱ्यांदा आल्या त्या थेट आप्पांकडे गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या मुलाला एखादं मलम आणून द्या. सारखी मांडी चोळत असतो."

पुढे माझ्या लहान कीबोर्डनं माझी इज्जत वाचवली. तो ठेवला आणि उजव्या बाजूला चांगली वीतभर जागा निघाली. माऊस टेबलावर आला. मी पहिल्यांदा माणसासारखा बसून काम केलं.

आप्पा बराच वेळ ती मोकळी जागा बघत होते. "वा," म्हणाले, "छान जागा झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी आलो तर त्या जागेवर त्यांचा पितळी पानाचा डबा होता. माऊस पुन्हा मांडीवर.

*

आता तोटा. दूध डेअरीचे एक तात्या होते, रिटायर झालेले. आयुष्यभर आकडे मारलेले. कम्प्युटरवर उजव्या बाजूच्या आकड्यांच्या खणावर त्यांचा हात असा चालायचा की खाली बघायला नको आणि वर बघायला नको. याचा त्यांना फार अभिमान. "आजकालची पोरं बटण शोधतात," असं माझ्याकडे बघून म्हणायचे. कीबोर्ड बदललाय हे मी त्यांना सांगणार होतो. पण 'आजकालची पोरं' ऐकलं आणि म्हटलं, मरू दे.

कुठल्या वाडीच्या दुधाची फॅट किती, याचा तक्ता त्यांना करायचा होता. त्यांनी डावा हात कागदावर ठेवला, नजर कागदावर ठेवली आणि उजवा हात सवयीनं बाजूला सोडला. मी पाण्याचा हंडा भरायला बाहेर गेलो. परत आलो तर गाळ्यातून टणटण असा मंजुळ आवाज येत होता.

तात्या पानाच्या डब्याच्या झाकणावर फॅट मारत होते.

पार शेवटच्या वाडीपर्यंत आले होते. मला बघून खुर्चीत मागे रेलले, बोटं मोडली आणि म्हणाले, "झालं. सेव्ह कर."

मी म्हणालो, "तात्या, चुन्याच्या डबीत सेव्ह करू की सुपारीच्या?"

त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. मग डब्याकडे बघितलं. चूक झाली असं हा माणूस जन्मात म्हणाला नसेल. "तरीच," म्हणाले, "बटणं आज दबत नव्हती. मला वाटलं थंडीनं आखडलीत."

*

आप्पा चहा बशीत ओतून प्यायचे आणि बशी ठेवायला त्यांना माझ्या हातांमधलीच जागा दिसायची. एकदा अख्खी बशी कीबोर्डमध्ये. त्यांचा जुना कीबोर्ड असता तर तिथेच तेरावा घालावा लागला असता. मी याची बटणं उपटली, सगळा नळाखाली धुतला आणि रविवारी घरी नेला. आईनं विचारलं, कशात वाळवायचा? मी म्हटलं, कुठेही ऊब असेल तिथे. चुलीच्या वर तिची एक टोपली टांगलेली असते, त्यात तिनं ठेवला. सोमवारी आणला, जोडला, एकही बटण रुसलं नाही. खट खट खट. मी खूश.

फक्त त्या टोपलीत आई सुका जवळा ठेवते.

आप्पा माळकरी. दुपार झाली, बटणं गरम झाली आणि आप्पा गाळ्यात हुंगत फिरायला लागले. "आत कुणी डबा आणलाय का?" माझा डबा उघडून बघितला, त्यात मेथी. कचेरीतला शिपाई आला, त्यालाही हुंगलं. एक वकील नोटिशीचा मसुदा घेऊन आले आणि कागद ठेवता ठेवता म्हणाले, "आप्पा, माळ काढलीत की काय?"

शेवटी आप्पांनी उपाय केला. रोज सकाळी कीबोर्डसमोर उदबत्ती लावायची. त्यानंतर आमच्या गाळ्यात जवळ्याचा नैवेद्य दाखवल्यासारखा वास यायला लागला. आणि त्याच कीबोर्डवर मी आप्पांच्या भजनी मंडळाचं पत्रक टाइप केलं. ज्ञानोबा-तुकारामांनी समजून घेतलं असेल. आप्पांनी घेतलं नसतं, म्हणून सांगितलं नाही.

*

लग्नपत्रिका म्हणजे आमच्याकडे पत्रिका नसते, भाऊबंदकीची सुनावणी असते. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, कुणाच्या नावामागे 'श्री.' आणि कुणाच्या मागे 'रा. रा.'. बिरवाडीकडचे तिघे भाऊ असेच आले होते. त्यातल्या मधल्याच्या पोराचं लग्न. तिघे माझ्या पाठीमागच्या बाकावर बसले. चष्मा तिघांनीही घरी ठेवलेला, कारण चष्मा लावून शहरात जाणं त्यांना कमीपणाचं वाटत असावं.

मग पत्रिका तपासायची कशी? कानानं!

मी थोरल्याचं नाव टाइप केलं. खटखटखट. मग धाकट्याचं. धाकटा बाकावरून म्हणाला, "ह्याच्या नावाला लय वाजला. माझ्या वक्ताला चारदाच वाजला."

मी सांगितलं की तुमचं नावच लहान आहे. तर थोरला म्हणाला, "नाव ल्हान आसंल, मान ल्हान नाय." हे धाकट्याच्या बाजूनं होतं की विरुद्ध ते मला आजही कळलेलं नाही. पण भांडण पेटलं. मान, पान, बारशाला कोण आलं नव्हतं, विहिरीचं पाणी कुणी तोडलं, सगळं माझ्या मानेवर. शेवटी मी युक्ती केली. ज्याचं नाव लहान त्याच्या नावाला मागून स्पेस बारचे चार-पाच ठोके जास्त द्यायचे. खट खट खट. बाक शांत. आते, मामे, आजोळ, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'वाली चिल्लीपिल्ली, सगळ्यांना मोजून मापून आवाज दिला. तिघांनी माना डोलावल्या. थोरला म्हणाला, "आता झ्याक झाली." छापायला गेली.

चार दिवसांनी एक पोरगा पत्रिका हातात घेऊन दारात उभा. माझ्याच वयाचा, घाबरलेला. पत्रिका माझ्यासमोर धरली. वरपासून खालपर्यंत सगळी भाऊबंदकी होती. नवऱ्या मुलीचं नाव होतं, तिच्या आजोबांचंही होतं.

पोरगा म्हणाला, "मी येऊ का लग्नाला?"

*

या कीबोर्डचा खरा तोटा मला उशिरा कळला. आप्पा दिवसभर समोरच्या नामूच्या चहाच्या टपरीवर बसायचे. गाळ्यात गरम होतं, असं कारण. पण तो खट-खट आवाज रस्ता ओलांडून टपरीपर्यंत जायचा, आणि आप्पांना तिथे बसून माझी हजेरी लागायची. मी जरा हात थांबवला, पाणी प्यायला, मान मोडली, की समोरून हाक : "काय रे, थांबलास?"

आमच्या वाडीत जंगलात जाणाऱ्या गुरांच्या गळ्यात घंटा बांधतात. धुक्यात जनावर दिसत नाही, घंटा ऐकू येते. बाबा संध्याकाळी बांधावर उभे राहून नुसत्या आवाजावरून कोण कुठे आहे ते सांगतात. मी ते सगळं मागे टाकून, दोन एसट्या बदलून महाडला आलो होतो. आणि स्वतःच्या हातानं, चादरीत गुंडाळून आणलेली घंटा बांधून घेतली होती.

बदला घ्यायची संधी महावितरणनं दिली. शिमग्याआधीच ऊन तापलं. लाईट जायला लागली. गाळ्यातला यूपीएस 'येत्या दिवाळीला' बदलायचा होता, झेरॉक्ससारखाच. लाईट गेली, आवाज थांबला की आप्पा येऊन मला झाडू मारायला लावायचे, कागदाचे गठ्ठे इकडून तिकडे हलवायला लावायचे. एकदा स्क्रीन काळी झाली तरी माझी बोटं सवयीनं चालत राहिली. खट खट खट. समोरून हाक आली नाही. मी थांबलो नाही. टपरीवर विजेचं कनेक्शनच नव्हतं, त्यामुळे आप्पांना लाईट गेलेली कळायचा प्रश्नच नव्हता.

मग काय! दुपारभर एका बोटानं स्पेस बार, दुसऱ्या हातात मासिक. समोर गिऱ्हाईक आलं की आप्पा टपरीवरूनच त्याला सांगायचे, "तुमचंच चाललंय. ऐका." आणि ते गिऱ्हाईक ऐकायचं. समाधानानं निघून जायचं. महाडमध्ये बिनविजेचं चालणारं एकच दुकान होतं, आमचं.

*

शिमगा तोंडावर आला होता. बाजाराचा दिवस. लाईट सकाळपासून नव्हती. मी पाय टेबलावर टाकून बसलो होतो, डाव्या हातात वडापाव, उजव्या हाताचं एक बोट स्पेस बारवर. खट, खट, खट, खट. अगदी घड्याळासारखं.

पुढचं मला नामूनं नंतर सांगितलं.

बाबा एसटीतून उतरले ते थेट गाळ्यात आले नाहीत. आप्पांनी त्यांना टपरीवर अडवलं, चहा मागवला आणि माझं कौतुक सुरू केलं. आप्पांना खोटं ठरवणार नाही, त्यांना मी जायला नकोच होतो. मी गेलो तर कम्प्युटर चालू कोण करणार? "तुमचा मुलगा सकाळपासून मान वर करत नाही," म्हणाले. "हे ऐका, चाललंय."

बाबांनी चहा बशीत ओतला. पण प्यायले नाहीत. मान जराशी कलती करून, बांधावर उभे राहतात तसे, ऐकत राहिले. बशीतल्या चहावर साय धरली, तरी ऐकत होते.

मग म्हणाले, "ह्यो चरत नाय."

आप्पांना कळलं नाही. "अहो, वाजतंय की."

"वाजतंय. चरनारं जनावर आसं एकसारकं वाजत नाय. चार घास घेतंय, थांबतंय, फुडं सरतंय. ह्यो उभ्या जाग्यावर माश्या वारतोय."

मला एवढंच दिसलं की दारातला उजेड गेला. आप्पा उभे, त्यांच्या मागे बाबा. समोर काळी स्क्रीन. माझे पाय टेबलावर, वडा तोंडात, बोट स्पेस बारवर. आणि लाज सांगतो, ते बोट अजून चालूच होतं. खट. खट.

आप्पांनी काळ्या स्क्रीनकडे बघितलं. आजवरच्या सगळ्या दुपारी, सगळी गिऱ्हाइकं, 'तुमचंच चाललंय, ऐका' — सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना मला दिसलं. मी पाय खाली घेतले. वडा तसाच गिळला. शिमगा चार दिवसांवर होता आणि माझ्या कानात दोनच शब्द होते.

बाबा आत आले. आईनं दिलेलं भाकरीचं फडकं टेबलावर ठेवलं. कीबोर्ड उचलला, दोन्ही हातांनी तोलला, एक बटण दाबून बघितलं. खट. नाकाजवळ नेला, जवळ्याचा वास ओळखला. मग माझ्याकडे न बघता आप्पांना विचारलं,

"ह्याचा आवाज पार टपरीपातुर येतो?"

"येतो," आप्पा म्हणाले.

"रोज?"

"रोज. दिवसभर."

बाबांनी कीबोर्ड जिथून उचलला होता तिथेच, अगदी सरळ करून ठेवला. पानाचा डबा थोडा बाजूला सारला. टोपी नीट केली.

"मंग ऱ्हाऊ दे त्याला हितंच," ते आप्पांना म्हणाले. "फकस्त हे गळ्यातनं काडू नका."